तळ्याकाठी तळ टाकण्यापूर्वी

पाण्याच्या काठी दोन रात्री काढाव्यात, सकाळी धुके विरताना पाहावे आणि मुलाबाळांसह उघड्यावर शेकोटी पेटवून बसावे, असे ज्याला कधी वाटले नाही असा गृहस्थ विरळाच. पूर्वी सुटी लागली म्हणजे मंडळी मामाच्या किंवा आत्याच्या गावी जात. आता मामा सदनिकेत राहतो व आत्या परगावी मुलाकडे असते. तेव्हा कुटुंबे तळ्याकाठच्या तळांकडे वळू लागली आहेत, यात नवल नाही. परंतु तळ निवडावा कसा, हा प्रश्न परिचितांपैकी अनेकांनी आम्हांस केला आहे. गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही इंदूरहून इंदिरासागराच्या काठी, हनुवंतिया येथे गेलो होतो. त्या तीन दिवसांत आम्ही जे शिकलो, त्यांतील थोडे पूर्वतयारीने आणि पुष्कळसे चुकीने, ते वाचकांपुढे ठेवतो.

आमची मंडळी तेरा जणांची होती. आम्ही उभयता व आमची दोन मुले. वडील बंधू, वहिनी व त्यांचे दोन मुलगे. नुकतेच लग्न झालेली आमची पुतणी व जावईबापू. आणि बडोद्याहून आलेले आमचे मेहुणे, त्यांच्या पत्नी व कन्या. मेहुण्यांनी या वेळी मोठ्या हौसेने कॅराव्हॅन भाड्याने आणली होती. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांस इतकेच सांगतो, की ती चाकांवरची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागाच असते. आत निजण्याचे फळ्यांचे पलंग, लहानशी चूल, पाण्याची टाकी व शौचकूप एवढे सर्व असते. जावईबापूंना हवा होता सजविलेला तंबू. यास हल्ली 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. आत गालिचा, खरी खाट, दिवे, न्हाणीघर, आणि बाहेर मात्र कनात. आम्हां दोन्ही बंधूंस साधे तंबू पुरे होते. मुलांना मोकळे अंगण असले म्हणजे झाले. अशा तीन तऱ्हेच्या लोकांनी एकच जागा निवडावयाची होती.

बेत करताना तीन नावे पुढे आली. एक चंबळेवरील गांधीसागर. मंदसौर जिल्ह्यातील हे धरण १९६० साली पुरे झाले, व अलीकडे त्याच्या काठीही तंबूंची वस्ती उभारली जाऊ लागली आहे. दुसरे नाव इटारसीच्या बाजूचे तवा धरण. त्याच्या पाण्यापलीकडे सातपुड्याचे राखीव अरण्य सुरू होते. तिसरे हनुवंतिया. तेथे २०१६ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशाच्या पर्यटन खात्याने पहिला 'जल महोत्सव' भरविला आणि पाण्याकाठी तंबूंचे एक नगरच वसविले. खंडव्यापासून ते सुमारे पन्नास किलोमीटरवर व इंदुराहून एका दिवसात सुखाने पोहोचण्याजोगे. सर्वांनी एकमुखाने हनुवंतिया म्हटले. वहिनी तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या, आणि त्या वेळी आम्हांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही.

सिमरोल सोडले म्हणजे रस्ता विंध्याच्या घाटाने उतरू लागतो. माळव्याचे पठार मागे राहते व निमाडची उष्ण, काळ्या मातीची भूमी पायथ्याशी पसरलेली दिसते. बडवाह ओलांडून मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा भेटली. येथे ती अजून नदी आहे. घाट, नावा व परिक्रमावासी यांची. सनावदहून मुंदीच्या बाजूस वळल्यावर कापसाची व गव्हाची शेते लागली, आणि मग एका चढावरून एकदम समोर पाणी दिसले. पैलतीर दिसेना. मुलांनी 'समुद्र, समुद्र' म्हणून एकच गलका केला.

मुलांचे फारसे चुकले नाही. इंदिरासागर हा साठवणुकीच्या मानाने आपल्या देशातील सर्वांत मोठा जलाशय आहे. पुनासा येथील त्याचे धरण ९२ मीटर उंच व ६५३ मीटर लांब आहे, त्यावर १,००० मेगावॅट वीज निर्माण होते, आणि पूर्ण भरला असता हा जलाशय सुमारे ९१३ चौरस किलोमीटर भूमी व्यापतो. मुंबई शहर व तिची उपनगरे मिळून जितका विस्तार होतो, त्याच्या दीडपट हे क्षेत्र आहे. कोयनेच्या शिवसागराचे पाणी येथे चार वेळा ओतले तरी जागा उरेल. याची कोनशिला श्रीमती इंदिरा गांधी यांनी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी, म्हणजे त्यांच्या हत्येपूर्वी आठच दिवस, बसविली होती.

परंतु ज्यास तळ टाकावयाचा आहे, त्याने यापेक्षा निराळे दोन आकडे पाठ करावेत. जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर असते. आणि नियमाप्रमाणे ती उतरू दिली जाते २४३.२३ मीटरपर्यंत. या दोहोंत जवळजवळ १९ मीटरांचे अंतर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तळे काठोकाठ भरते. पुढे वीज व शेती यांसाठी पाणी सुटत राहते आणि उन्हाळ्यापर्यंत ते खाली खाली जाते. जेथे तीर उभा आहे तेथे एवढ्याने फारसे बिघडत नाही. जेथे उतार पन्नासास एक असा सौम्य असतो, तेथे मात्र पाणी एक मीटर उतरले की काठ पन्नास मीटर मागे हटतो, आणि १९ मीटर उतरले की जवळजवळ एक किलोमीटर. म्हणजे ऑक्टोबरात घेतलेल्या छायाचित्रात ज्या तंबूच्या दोराशी लाटा खेळताना दिसतात, त्याच तंबूपुढे मे महिन्यात चिखलाचे व भेगाळलेल्या मातीचे मैदान असू शकते. तळ्याकाठच्या तळाचा पहिला नियम हाच होय. तळे नैसर्गिक आहे की धरणाचे, हे विचारावे. आणि धरणाचे असल्यास आपण जाऊ त्या महिन्यात पाणी कोठे असेल, हेही विचारावे. आमच्याकडील बहुतेक मोठी तळी धरणांची आहेत. त्यांच्या काठाला कायमचा पत्ता नसतो.

या नियमास जोडून एक दुसरा, अधिक कडक नियम आहे. तळ धरणाच्या वरच्या अंगास, साठ्याच्या काठी असावा. धरणाच्या खालच्या अंगास नदीच्या पात्रात कधीही नसावा. ७ एप्रिल २००५ रोजी याच इंदिरासागराखाली, देवास जिल्ह्यातील धाराजी येथे, अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले यात्रेकरू रात्री नदीकाठी थांबले होते. वरून पाणी सुटले, आणि साठाहून अधिक माणसे वाहून गेली. कोरडे, मऊ, चांदण्यात न्हालेले वाळवंट तळास फार मोहक दिसते. पण त्या वाळवंटाचा स्वामी दूरच्या यंत्रघरात बसलेला असतो, आणि आपण तेथे निजलो आहोत हे त्याला ठाऊक नसते.

आम्ही उतरलो ती जागा पाण्यापासून दोनशे पावलांवर, एका लहानशा उंचवट्याच्या खांद्यावर होती. जावईबापू प्रथम हिरमुसले. त्यांस अगदी पाण्याशी असलेला तंबू हवा होता. सायंकाळी मात्र त्यांचे समाधान झाले. दिवसा तळ्याकडून जमिनीकडे वारा येतो, रात्री जमीन लवकर निवते व वारा उलट वाहू लागतो. आणि थंड हवा जड असल्यामुळे ती खोलगट भागात साचते. निमाडात डिसेंबरच्या अखेरीस पारा रात्री दहा अंशांच्या आसपास येतो. त्यामुळे खळग्यातील तंबू पहाटे दवाने निथळत होते; आमचे खांद्यावरचे तंबू कोरडे राहिले. शिवाय, गवताने भरलेल्या संथ खाडीजवळ डास असतात, ते उघड्या, वारा लागणाऱ्या कडेला फारसे नसतात.

सजविलेला तंबू निवडताना गालिच्याचा रंग पाहू नये, गालिच्याखाली काय आहे ते पाहावे. तंबू उंच ओट्यावर आहे काय, पाणी वाहून जाण्यास चर आहे काय, न्हाणीघराचे सांडपाणी कोठे जाते, विजेची तार उघडी तर नाही, जनित्र किती दूर आहे, आणि करमणुकीचा ध्वनिक्षेपक रात्री किती वाजता बंद होतो, हे प्रश्न विचारण्यास लाजू नये. ज्या व्यवस्थापकाला त्यांचा राग येतो, तेथून नमस्कार करून निघावे. आणखी एक सूचना आम्ही हात जोडून करतो. थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी बंद तंबूत घेऊन निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. आमच्या पुतणीने हौसेने शेगडी आत मागविली होती, आमच्या सौ.ंनी ती बाहेर काढविली व त्याबदली दोन घोंगड्या दिल्या. नवदांपत्य जरा रुसले, पण सकाळी चहाला हसतमुखाने आले.

आता कॅराव्हॅनची कथा सांगणे प्राप्त आहे. तिच्यात दोष सर्वस्वी आमचा आहे.

कॅराव्हॅनला तंबूहून निराळी जागा लागते. तिचे वजन काही टन असते. म्हणून तिला मुरूम टाकून दाबलेली, सपाट, वळण्यास ऐसपैस जागा हवी. वर झाडाची लोंबती फांदी नको, जवळ चांगल्या जोडणीची वीज हवी, टाकी भरण्यास स्वच्छ पाणी हवे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे मैलापाणी रिते करण्याची योग्य सोय हवी. हे शेवटचे आम्ही इंदूरकरांनी तरी विसरू नये. कारण धरणातून सुटलेले हेच नर्मदेचे पाणी पुढे जलूद येथे उपसले जाऊन आमच्या घरांतील नळांना येते. तळ्यात टाकी रिती करणारा इंदूरकर आपल्याच माठात ती रिती करतो.

आमच्या तळावर मुरमाची जागा होती, व तेथेच गाडी उभी करावी असे तळावरील मुलाने सांगितलेही होते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यांच्या मनात आले, की न्याहारी अगदी पाण्याशी करावी. पाणी व मुरूम यांच्यामध्ये राखाडी, कोरडी, भेगाळलेली सपाटी होती. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली. ती दगडासारखी कठीण दिसे. आम्हीही 'चला' म्हटले. गाडी शंभर पावले गेली आणि मागची चाके एकदम आत गेली. वरचा पापुद्रा वाळलेला होता, खाली काळ्या मातीचे लोणी होते. जितका जोर करावा तितकी चाके खोल जात. अर्ध्या तासात गाडी आसापर्यंत रुतली, आणि सर्व पुरुष मंडळी गुडघ्यापर्यंत माखली.

थोड्या अंतरावर एक शेतकरी आपल्या हरभऱ्यात उभा राहून हे पाहत होता. पाणी उतरते तशी ही उघडी पडणारी गाळाची जमीन काठचे लोक पेरतात. आपण तिला गाळपेर म्हणतो. तो मुकाट्याने गेला व आपला ट्रॅक्टर घेऊन आला. साठीच्या घरातला, उंच, शेलाटा माणूस. त्याने ट्रॅक्टर मुरमाच्या कडेवरच उभा केला, लांब साखळी आणली, चाकांखाली पऱ्हाट्यांचे भारे घालविले, आणि आम्हांस बाजूस होण्यास सांगितले.

त्याच वेळी मुले कंटाळून पाण्याकडे धावली होती. बंधूंचे दोघे मुलगे पुढे. पाणी उथळ दिसत होते, फार तर घोट्याइतके. पुढे वीस-पंचवीस पावलांवरही ते तसेच दिसे. कोणी त्यांस अडविले नाही. त्या शेतकऱ्याची दृष्टी तिकडे गेली, आणि हातातील साखळी टाकून तो ज्या स्वरात ओरडला, तो स्वर आम्ही विसरणार नाही.

"तिकडे जाऊ नका! तिथे विहीर आहे!"

मुले जागच्या जागी थबकली. तो धावत गेला व दोघांच्या मनगटांस धरून त्यांना परत घेऊन आला. मग त्याने बोटाने दाखविले. पाण्यात एक बाभळीचा काळा खुंट वर आला होता. त्या खुंटापासून आठ पावले उगवतीस विहीर, असे त्याने सांगितले. कठडा कधीच पडला. वर आता सपाट पाणी दिसते. गाळाने ती भरली असावी असे म्हणतात, पण तो गाळ माणसाला उभे राहू देणारा नव्हे. 'तुम्हांस इतके नेमके कसे ठाऊक?' असे मेहुण्यांनी विचारले. तो निमाडीत म्हणाला, "माझ्या बापाने खोदली ती. मी पोहायला तिथेच शिकलो. हे आमचंच शेत होतं."

कोणी काही बोलले नाही. आम्ही तळाच्या व्यवस्थेविषयी पंधरा प्रश्न घरून लिहून आणले होते. त्यांत या विहिरीबद्दल एकही नव्हता.

वहिनी तोपर्यंत दूर उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, मुलांना जवळ घेतले, आणि त्या माणसास हात जोडून म्हणाल्या, "दादा, माझं माहेर हरसूदचं."

त्याचा चेहरा पालटला. 'कोणाच्या तुम्ही?' असे त्याने विचारले. वडील शाळेत शिक्षक होते, असे वहिनींनी सांगितले, गल्ली सांगितली. त्या गल्लीच्या तोंडाशी असलेले दुकान त्यास आठवत होते. बैलजोडी घेण्यास, बियाणे आणण्यास तो हरसूदच्या बाजारात जात असे. तेथे चिखलात, रुतलेल्या गाडीपाशी, ती दोघे पाव तास एका गावाविषयी बोलत राहिली. ते गाव आता नकाशावर निराळ्या जागी आहे. आम्ही सर्व मुकाट ऐकत होतो.

ज्या वाचकांस हे नाव अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो. हरसूद हे खंडवा जिल्ह्यातील जुने, गजबजलेले, बाजारपेठेचे नगर. २८ सप्टेंबर १९८९ रोजी धरणांच्या पायी होणाऱ्या विनाशाविरुद्ध देशभरचे लोक तेथे जमले होते; आपले बाबा आमटे व मेधा पाटकर हेही त्यांत होते. परंतु धरण उभे राहिले. हरसूद व त्याबरोबर २४९ गावे बुडिताच्या रेषेत आली. ३० जून २००४ पर्यंत गाव रिकामे करावे अशी मुदत होती, आणि पाऊस तोंडावर असताना लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी उतरविली. विजय मनोहर तिवारी या पत्रकाराने त्या दिवसांचा वृत्तान्त 'हरसूद ३० जून' या हिंदी पुस्तकात लिहून ठेवला आहे. नवे हरसूद छनेरा येथे वसले.

त्या वेळी वहिनींच्या लग्नाला पाच-सहा वर्षे झाली होती. त्या जूनमध्ये त्या माहेरी गेल्या होत्या, हे आम्हांस ठाऊक होते. तेथे काय केले हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. त्या रात्री शेकोटीपाशी त्यांनी सांगितले. वडिलांनी दारे काढली, चौकटी काढल्या, छपराची कौले एकेक करून उतरविली. कौले वहिनींनी झेलली. उंबरठा दगडाचा होता, तो निघेना. वडील दोन दिवस पहारीने त्याच्याभोवती खणत होते. तिसऱ्या दिवशी ट्रक आला, तेव्हा त्यांनी पहार खाली ठेवली, उंबरठ्यावर पाणी घालून तो हाताने पुसला, आणि ते ट्रकमध्ये जाऊन बसले.

"बेत ठरला तेव्हा मी बोलायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "पण मुलं इतकी आनंदात होती. आणि मला वाटलं, पाणीच तर आहे."

बंधूंनी विचारले, उद्या सकाळीच परतावे काय? त्या नको म्हणाल्या. आता आलो आहोत तर राहू, पण मुलांना सांगू, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि त्यांनी सांगितलेही. मुलांनी पुष्कळ प्रश्न केले. शाळेचे काय झाले, कुत्र्यांचे काय झाले, विहिरीतले कासव कोठे गेले. काहींची उत्तरे वहिनींपाशी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सौ. व वहिनी त्या शेतकऱ्याच्या घरी गेल्या. ट्रॅक्टरच्या श्रमाचे पैसे तो घेईना. माहेरवाशिणीकडून पैसे कसले, असे त्याचे म्हणणे. शेवटी मोठ्या मिनतवारीने त्याने डिझेलचे पैसे घेतले, आणि त्यावर हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीचा एक भारा दिला. ती भाजी, ज्वारीची भाकर व लसणीचे तिखट असे आमचे त्या दिवशीचे जेवण झाले. जावईबापूंनी कबूल केले, की सजविलेल्या तंबूतल्या पंक्तीपेक्षा ही पंगत सरस होती.

घरच्या गप्पांत त्याने आणखीही उपयुक्त गोष्टी सांगितल्या. कोणत्या बाजूस कापलेल्या जंगलाचे खुंट पाण्याखाली आहेत व नाव तेथे का नेऊ नये. वादळी वारा कोणत्या दिशेने उठतो. पोहावयाचेच असेल तर पूर्वीच्या खडकाळ माळाचा भाग कोणता, जेथे विहिरीही नव्हत्या आणि गाळही साचत नाही. त्या माळाच्या कडेला पुढील वर्षी मुरूम टाकण्याचा त्याचा विचार आहे. एखादी गाडी व दोन-तीन तंबू राहतील, जेवण घरचे मिळेल. ज्याची जमीन गेली, त्याच्या हाती या पर्यटनाचे दोन पैसे पडावेत, हे न्यायाचेच आहे. आम्ही त्यास शब्द दिला आहे.

मुलांनी त्या दुपारी नौकाविहार केला. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट होते. मोठ्यांचे जॅकेट लहानग्यास घातले तर ते वरून निसटते, म्हणून आम्ही स्वतः एकेक पट्टा ओढून पाहिला. वहिनी नावेत आल्या नाहीत. त्या काठावर बसून होत्या. आम्ही परतलो तेव्हा त्यांनी नावाड्यास विचारले, मधल्या भागात पाणी किती खोल आहे? त्याने आपल्या अंदाजाने काही सांगितले. त्यांनी मान हलविली व मुलांचे ओले मोजे पिळावयास घेतले.

हा प्रकार केवळ इंदिरासागराचा आहे असे वाचकांनी मानू नये. मावळात पवनेच्या काठी, तुंग व तिकोना या किल्ल्यांच्या सावलीत, सुटीच्या रात्री शेकडो तंबू लागतात. त्या पाण्याखालीही शेते होती, आणि काठचे पुष्कळ तंबू आज त्याच गावांतील मुले चालवितात. आमच्या गोमंतकीय वाचकांस तर साळावली धरणात गेलेले सांगे तालुक्यातील कुर्डी सांगावयास नकोच. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरते व गाव काही आठवडे वर येते. तेव्हा दूरदूरचे कुर्डीकर तेथे जमतात. हिंदू बांधव आपल्या देवळापाशी उत्सव करतात, ख्रिस्ती बांधव आपल्या कपेलचे फेस्त साजरे करतात, आणि मग पाऊस सर्व पुन्हा झाकून टाकतो. अशा काठावर तळ टाकू नये असे आम्ही म्हणत नाही. तेथे जाणाऱ्याने आपण कोणाच्या अंगणात उतरलो आहोत, हे मात्र जाणून उतरावे.

इंदुरास परतल्यावर आम्ही प्रश्नांची ती जुनी यादी पुन्हा लिहून काढली. परिचितांनी मागितली म्हणून तिच्यातील मुख्य बाबी येथे देतो. पाणी या महिन्यात कोठे असते व किती वेगाने उतरते? जागा धरणाच्या वर आहे की खाली? तंबूची जागा उंचवट्यावर आहे की खळग्यात? मोटार किंवा कॅराव्हॅन उभी राहील तेथे पक्का मुरूम आहे काय, आणि तो कोठे संपतो? मैलापाणी कोठे जाते? प्रत्येक मुलाच्या मापाचे जॅकेट आहे काय? रात्री गरज पडली तर जवळचा दवाखाना कोणता व तेथवर रस्ता कसा? शेगडी तंबूबाहेर ठेवण्याची सक्ती आहे काय?

यादी वहिनींस वाचून दाखविली. त्यांनी ती ऐकली, लेखणी मागून घेतली, आणि सर्वांच्या वर, जागा नव्हती तेथे, बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली: 'येथे पूर्वी काय होते, हे येथल्या माणसास विचारावे.'

ज्या माणसास ते विचाराल, तोच तुम्हांस विहीर कोठे आहे ते सांगेल. येत्या सुटीत जी मंडळी तळ्याकाठी जाणार असतील, त्यांनी हा प्रश्न आधी विचारावा, आणि मुलांना घेऊन सुखरूप घरी यावे, एवढीच आमची इच्छा आहे.